कुलूप आधी ठरवा, हत्यारं नंतर

वाचकाचं पत्र, थोडक्यात: ठाण्याहून एका वाचकाने लिहिलंय. वय एक्केचाळीस, अकाउंट्समधे नोकरी. गेले काही महिने ते रात्री कुलूप पिकिंगचे, म्हणजे किल्लीशिवाय बारीक हत्यारांनी कुलूप उघडण्याचे, व्हिडिओ बघतायत आणि आता हा छंद स्वतः सुरू करायचाय. ऑनलाइन २४ पीसचं किट, सोबत एक पारदर्शक कुलूप, असं सगळं बाराशे रुपयांत मिळतंय. दुसरीकडे परदेशी ब्रँडचा सहा-सात पिसांचा सेट आहे, तो कस्टम ड्यूटी धरून पाचपट महाग पडतो. ऑफिसातला एक मित्र म्हणतो कशाला पैसे घालवतोस, घरीच बनव. घरात आजोबांच्या वेळचं सात लिव्हरचं कुलूप आहे, त्यावर आणि घराच्या मेन डोअरच्या लॅचवर प्रॅक्टिस करायचा विचार आहे. बायकोचं म्हणणं, "हे चोरांचे धंदे घरात नकोत," शिवाय सातवीतला मुलगा बघून शिकेल ही तिची काळजी. मधे शेजारच्या काकू दाराबाहेर अडकल्या होत्या, किल्लीवाला यायला दोन तास गेले, तेव्हापासून हे शिकलो तर चार लोकांच्या उपयोगी पडू असंही त्यांना वाटतं. प्रश्न असा की कोणतं किट घेऊ, आणि बायकोला न सांगता ऑफिसच्या पत्त्यावर मागवलं तर चालेल का?

नमस्कार दादा,

तुमचं पत्र वाचून आनंद झाला, कारण हा छंद खरंच फार सुंदर आहे आणि आपल्याकडे तो करणारे अजून थोडे आहेत, त्यातले निम्मे तरी घरच्यांपासून लपवूनच करतात. मी स्वतः हे करते, त्यामुळे तुमची रात्रीची ती व्हिडिओ बघायची ओढ मला नीट कळते. पण तुम्ही विचारलंय "कोणतं किट", आणि मला वाटतं त्याच्याआधी विचारायला हवं "कोणतं कुलूप". कारण हत्यार कुलपावरून ठरतं, आणि तुम्ही मनात धरलेली दोन कुलपं, म्हणजे आजोबांचं ते सात लिव्हरचं आणि दाराची लॅच, ही दोन्ही सुरुवातीला चुकीची आहेत, दोन वेगवेगळ्या कारणांनी.

आधी आजोबांचं कुलूप. तुम्ही जे व्हिडिओ बघताय ते बहुतेक अमेरिकेतले नाहीतर युरोपातले असणार आणि तिथली कुलपं पिनांची असतात, म्हणजे ज्याला पिन टंबलर म्हणतात ती, लायनस येल ज्युनियर नावाच्या अमेरिकन माणसाने १८६० च्या दशकात आजच्या रूपात आणलेली. आपल्याकडे मात्र पिढ्यान् पिढ्या दाराला, कपाटाला, दुकानाच्या शटरला जे लोंबतं कुलूप लागलं ते बहुतांशी लिव्हरचं. त्यात पिना नसतातच. आत पातळ पट्ट्या एकावर एक रचलेल्या असतात, प्रत्येकीला आपली स्प्रिंग, प्रत्येकीत एक खाच, किल्ली फिरली की प्रत्येक पट्टी आपापल्या उंचीपर्यंत उचलली जाते आणि सगळ्या खाचा एका रेषेत आल्या की बोल्टचा खुंट त्यातून सरकतो. सात लिव्हर म्हणजे अशा सात पट्ट्या. आता हे पिक करायचं तर दाब द्यायचा तो थेट बोल्टवर, कुलपाच्या पोटात खोल, आणि त्याच भोकातून दुसरं काहीतरी घालून एकेक पट्टी उचलायची. तुमच्या त्या २४ पीसच्या किटातल्या चपट्या पट्ट्या यासाठी बनलेल्याच नाहीत. तुम्ही महिनाभर झटापट कराल, कुलूप ढिम्म हलणार नाही, आणि तुम्हाला वाटेल आपल्या हातात कला नाही. असं होऊन हा छंद सोडलेले लोक मी बघितलेत, म्हणून हे पहिल्यांदा सांगतेय.

ओळखायचं कसं तर किल्ली बघा. चपटी किल्ली, एका कडेला करवतीसारखे दाते, दोन्ही अंगांना लांबट खोबणी, तर ते पिनांचं. किल्लीची दांडी गोल आणि टोकाला पायऱ्या कापलेली छोटी पाती, तर ते लिव्हरचं. चपटी किल्ली पण दात्यांऐवजी अंगावर छोटे छोटे खड्डे, तर ते डिंपल, त्याची हत्यारं अजूनच वेगळी आणि सुरुवातीला तिकडे वळूच नका. आजोबांचं कुलूप जपून ठेवा. वर्षभराने हात बसला की लिव्हरकडे या, तोवर त्याच्या नादी लागू नका.

आता लॅच. इथे मी जरा ठामपणे नाही म्हणणार आहे. जगभर हा छंद करणाऱ्यांचे दोन नियम आहेत, नेदरलँड्समधल्या टूल नावाच्या संघटनेपासून ते हॅम्बुर्गला १९९७ साली सुरू झालेल्या जर्मन मंडळापर्यंत सगळे हे पाळतात: जे कुलूप आपलं नाही ते मालकाच्या परवानगीशिवाय पिक करायचं नाही, आणि जे कुलूप वापरात आहे ते, आपलं असलं तरी, पिक करायचं नाही. पहिला नियम सगळ्यांना कळतो. दुसरा लोकांना जाचक वाटतो, माझ्याच घराचं दार आहे ना मग काय झालं. झालं असं की पिकने पिना वरखाली होताना एखादी स्प्रिंग वाकडी बसू शकते, पातळ हत्याराचं टोक आत मोडून अडकू शकतं, किल्लीबरोबर फिरणारा आतला गाभा अर्धवट फिरून तिथेच रुतू शकतो, आणि मग रात्री अकरा वाजता तुमचं अख्खं कुटुंब एकतर आत नाहीतर बाहेर. बाहेरून काही दिसत नाही, दुसऱ्या दिवशी किल्ली अडकायला लागते एवढंच. आणि भाड्याचा फ्लॅट असेल तर ते कुलूप तुमचं नाहीच, मालकाचं आहे, म्हणजे पहिला नियमसुद्धा मोडला.

मग घ्यायचं काय, तर हार्डवेअरच्या दुकानातून एक साधं, पितळी बॉडीचं, दातेरी चपट्या किल्लीचं ४० मिलिमीटरचं पॅडलॉक घ्या, आणि त्याच्या जोडीला मॉर्टिस लॉकमधे, म्हणजे दाराच्या जाडीत बसवलेल्या लॉकमधे, बसतं ते सुटं सिलिंडर. सिलिंडर सुटं मिळतं, लोकांना हे माहीतच नसतं, अख्खं लॉक घ्यायची गरज नाही. मुंबईत लोहार चाळीत, पुण्यात बोहरी आळीत, आणि तुमच्या ठाण्यात स्टेशनजवळच्या कुठल्याही बऱ्या हार्डवेअरवाल्याकडे मिळेल. दुकानदाराला सांगा की स्वस्तातलं हवंय, नामवंत ब्रँडचं नको. स्वस्त सिलिंडरच्या पिनांची भोकं ढिली असतात, आणि नवशिक्याला ढिलेपणाच हवा.

ढिलेपणा का हवा हे सांगते, कारण इथेच हत्यारांचाही निकाल लागतो. पिनांच्या कुलपात मधे एक फिरणारा गाभा असतो, बाहेर घर, आणि दोघांना अडवून पिनांच्या पाच-सहा जोड्या, प्रत्येक जोडीच्या डोक्यावर स्प्रिंग. बरोबर किल्ली घातली की प्रत्येक जोडीतली फट नेमकी गाभ्याच्या कडेला येते आणि गाभा फिरतो. आता कारखान्यात ती भोकं पाडताना सगळी अगदी सरळ रेषेत कधीच पडत नाहीत, केसभर इकडेतिकडे असतातच. म्हणून गाभ्याला किंचित पीळ दिला की सगळ्या पिना एकदम घट्ट होत नाहीत, एकच आधी अडकते. ती शोधायची, हळूच उचलायची, एक अगदी बारीक टिक जाणवतो, कानाला कमी आणि बोटाला जास्त, गाभा केसभर सरकतो, आणि आता दुसरी कुठलीतरी अडकते. बस, अख्खा छंद एवढाच आहे. भोकं जितकी ढिली तितका हा फरक मोठा आणि बोटाला लवकर कळणारा.

म्हणजे बघा, या सगळ्यात मुख्य काम करतोय तो पीळ देणारा हात, आणि किटच्या जाहिरातीत त्याचं नावही नसतं! चोवीस पिसांत वीस पिक असतात, नागमोडी, त्रिकोणी, अर्धगोल, एकावर तीन गोळे, आणि पीळ द्यायच्या पट्ट्या चार, त्यातल्या तीन निरुपयोगी. लोक त्या वीस आकारांना भुलतात. खरं तर पाच-सहा वर्षं हे करणाऱ्या माणसाच्या पाकिटात डोकावलात तर रोज हातात असतात त्या दोन हुका, म्हणजे टोक वळवलेल्या पिक, फार तर तीन. बाकी सगळं नुसतं सोबत फिरतं.

तेव्हा तुमचा तिढा जो आहे, स्वस्त मोठं किट की महाग छोटं की घरी बनवलेलं, त्यात मला वाटतं तुम्ही एक गोष्ट न बोलता धरून चाललाय, की हत्यार चांगलं असेल तर कुलूप उघडेल. पहिले दोन-तीन महिने हत्याराने फारसा फरक पडत नाही, फक्त ते वाईट नसलं म्हणजे झालं. आणि वाईट म्हणजे काय ते मी सांगते.

स्वस्त किटातली पट्टी हातात घ्या आणि तिच्या कडेवरून नख फिरवा. नख अडकलं, खरखरलं, तर ती पत्र्यातून ठोकून काढल्यावर कोणी घासलेलीच नाही. अशी कड कुलपात गेली की पिनेला खरवडते, आणि तुम्हाला बोटाला जी खरखर जाणवते ती पिनेची की हत्याराची हे कळतच नाही, सगळा अभ्यास तिथेच बोंबलतो. यावर इलाज सोपा आहे, ४०० नंबरचा पॉलिश पेपर, मग ८००, मग जमलं तर हजारचा, थोडं पाणी लावून दोन्ही कडा आणि टोकाचा खालचा भाग सावकाश घासा, टोकाचा आकार बदलू देऊ नका, फक्त कडेची धार बोथट करा. अर्ध्या तासाच्या कामाने स्वस्तातली पट्टी कितीतरी बरी होते. दुसरं, ती वाकवून बघा, अगदी हलकेच. वाकून तशीच राहिली तर पोलाद मऊ आहे, ती ठेवून द्या, चांगली पट्टी वाकते आणि परत सरळ होते. तिसरं, जाडी. बाजारात मिळणाऱ्या पिकची नेहमीची जाडी ०.६ मिलिमीटरच्या आसपास, अमेरिकन कुलपांच्या किल्लीच्या रुंद भोकांना ती ठीक, पण युरोपियन पद्धतीच्या सिलिंडरची भोकं अरुंद आणि वळणावळणाची, तिथे ०.४ ते ०.५ ची पट्टी लागते. तुम्ही आत्ता जे सिलिंडर घ्याल ते याच जातीचं असेल, तेव्हा ऑर्डर करताना जाडी लिहिलीय का बघा, जो विकणारा जाडीच लिहीत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

तर माझं मत विचाराल तर तिन्हीपैकी एकही पूर्ण नको. सुट्या पट्ट्या विकणारे लोक आहेत, परदेशी ब्रँडमधे साउथऑर्ड, स्पॅरोज, पीटरसन, जर्मनीचं मल्टिपिक ही जुनी नावं, आणि यांच्याकडे अख्ख्या सेटऐवजी सुटे पीस मिळतात. एक छोटी हूक, एक तिच्याहून किंचित उंच हूक, जमलं तर एक नागमोडी रेक, एवढ्या तीन. रेक कशाला तर पहिल्या आठवड्यात एखादं कुलूप घासून घासून उघडलं की हुरूप येतो, त्यासाठी. पण त्या सवयीत राहू नका, रेकने कुलूप उघडतं पण का उघडलं हे समजत नाही. पैसे मोजायचेच तर पीळ द्यायच्या पट्ट्यांवर मोजा. दोन प्रकार असतात, एक किल्लीच्या भोकाच्या पिनांपासून लांबच्या टोकाला अडकवायची, आणि दुसरी पिनांच्या बाजूच्या कडेशी घट्ट बसणारी, चपटी, साधारण एक ते सव्वा मिलिमीटर जाड. ही दुसरी घ्या, दोन-तीन वेगवेगळ्या जाडीच्या. ती बसली की खाली पिक फिरवायला जागा मोकळी राहते आणि पीळ नीट कळतो. पट्टी भोकात सैल असेल तर सगळं घसरत राहतं आणि माणूस उगाच जोर वाढवत जातो.

जोराचं एकदाच सांगते, कारण नव्वद टक्के त्रास यातूनच येतो असं माझं ठाम मत आहे. सगळे नवशिके पीळ फार देतात. अंगठा पांढरा पडलाय, पट्टी वाकलीय, आणि म्हणतात कुलूप कडक आहे. तुम्ही दिवसभर कॅल्क्युलेटरवर बसता ना, त्याचं बटण दाबायला जेवढा जोर लागतो तेवढाच द्यायचा, आणि तोसुद्धा कधीकधी जास्त होतो. हूकसुद्धा पेन धरतो तशी सैल धरा, हँडलवर जाड रबर असेल तर काढून टाका, रबर सगळी जाणीव खाऊन टाकतं.

मित्र म्हणतो तसं घरी बनवायचं असेल तर तेही जरूर करा, पण दुसऱ्या टप्प्यावर. एकदा चांगली हूक हाताखालून गेली की आपण काय बनवतोय ते कळतं. हॅक्सॉ ब्लेड साधारण ०.६ मिलिमीटर जाडीचंच असतं, म्हणजे पिकला अगदी योग्य, आणि पीळ द्यायच्या पट्टीसाठी गाडीच्या वायपरमधली स्टीलची बारीक पट्टी उत्तम, कुठल्याही गॅरेजवाल्याकडे जुने वायपर फेकायलाच ठेवलेले असतात, मागितले तर देतो. ब्लेड ग्राइंडरवर घासत असाल तर दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवा, रंग निळसर झाला की पोलादाचा ताव गेला, मग ते मेणासारखं वाकणार. डोळ्याला चष्मा, यात तडजोड नाही, ब्लेड तुटताना त्याचा तुकडा कुठेही उडतो. कानशीने हाताने केलं तर वेळ जास्त लागतो पण आकार जास्त चांगला येतो. आणि ब्लेडचं पोलाद गंजतं, ठाण्याच्या पावसाळ्यात तर आठवड्यात, तेव्हा वापरून झालं की तेलाचा बोळा फिरवून ठेवा. विकतच्या स्टेनलेसला ही कटकट कमी.

पिक गन, बॅटरीवर चालणाऱ्या पिक, ठोकून कुलूप उघडायच्या बंप किल्ल्या, गाड्यांचे म्हणून विकतात ते जुडगे, यातलं काहीही घेऊ नका. हे धंद्यातल्या किल्लीवाल्याला घाईत उपयोगी पडत असेल. छंदात शिकवत काही नाही, वर कुलपाचं वाटोळं करतं, आणि चुकून कोणी तुमच्या बॅगेत बघितलं तर छंद आहे म्हणून समजावून सांगणं फार कठीण.

यावरून कायद्याचं बोलू. घरी स्वतःच्या टेबलावर, स्वतःच्या कुलपावर सराव करण्यात गैर काही नाही. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मधलं कलम १२२ माहीत असू द्या: सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात कोणाकडे घरफोडीचं हत्यार सापडलं आणि योग्य कारण सांगता आलं नाही तर तो गुन्हा आहे, आणि कारण योग्य होतं हे सिद्ध करायची जबाबदारी ज्याच्याकडे सापडलं त्याची. तुमचा हेतू किती स्वच्छ आहे हे रात्री साडेदहाला नाकाबंदीवरच्या हवालदाराला कसं कळणार? त्यामुळे पिक लॅपटॉपच्या बॅगेत नाही, स्कूटरच्या डिकीत नाही, पाकिटात शोभेला तर नाहीच. एका डब्यात, सरावाच्या कुलपांसकट, घरी. कोणाकडे दाखवायला न्यायचंच तर दिवसा, कुलपांसोबत न्या. जे वाचक परदेशातून वाचतायत त्यांनी आपापल्या ठिकाणचा नियम बघूनच मागवा, जपानमधे तर २००३ च्या कायद्याने योग्य कारणाशिवाय अशी हत्यारं जवळ बाळगण्यालाच बंदी आहे.

आता तुमच्या प्रश्नाचा जो भाग मला सगळ्यात जास्त खटकला तो. ऑफिसच्या पत्त्यावर, बायकोला न सांगता. नको दादा. त्यांचं म्हणणं "चोरांचे धंदे" हे तुम्ही अडाणीपणा म्हणून घेतलंय असं पत्रावरून वाटलं, पण तसं नाहीये ते. त्यांना कदाचित भीती आहे की सोसायटीत कुठे काही चोरी झाली तर पहिलं बोट तुमच्याकडे जाईल, किंवा मुलगा शाळेत लॉकरवर प्रयोग करेल, आणि या दोन्ही भीती रास्त आहेत. आणि लपवलेलं पार्सल एक दिवस सापडतंच, तेव्हा मग खरंच ते चोरीच्या सामानासारखं दिसतं. बाराशेचं असो की सहा हजारांचं, पार्सल घरच्या पत्त्यावर मागवा आणि त्यांच्यासमोर उघडा.

सांगायला एक खरी गोष्ट आहे, ती सांगा. लंडनमधे पिकॅडिलीला जोसेफ ब्रामा या कुलूप बनवणाऱ्याच्या दुकानाच्या खिडकीत १७९० पासून एक कुलूप ठेवलेलं होतं, जो कोणी ते उघडेल त्याला दोनशे गिनी. साठेक वर्षं कोणाला उघडता आलं नाही. मग १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनाला आल्फ्रेड हॉब्ज नावाचा अमेरिकन आला, त्याने आधी चब कंपनीचं नावाजलेलं डिटेक्टर कुलूप, तेही लिव्हरचंच, पंचवीस मिनिटांत उघडलं, आणि मग ब्रामाचं कुलूप घेऊन बसला, सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास, आणि उघडलं. सगळं राजरोस, मालकांच्या परवानगीने, पंच नेमून. लोक चिडले, वर्तमानपत्रांत गदारोळ झाला, आणि त्यानंतर कुलूपवाले जास्त चांगली कुलपं बनवायला लागले. हॉब्जने रात्री गुपचूप केलं असतं तर तो चोर ठरला असता. तुमच्या घरातही तुम्ही ते कसं करता यावरच सगळं ठरणार आहे.

ते बाराशेच्या किटातलं पारदर्शक कुलूप सरावाला फारसं कामाचं नसतं, त्याच्या पिना इतक्या सैल असतात की नुसतं हलवलं तरी उघडतं. पण सुटं मिळत असेल तर एक घ्या, ते वहिनींना दाखवायला. किल्ली आत जाताना पिना कशा वरखाली होतात ते डोळ्यांनी दिसलं की निम्मी भीती जाते. मग त्यांना दाराच्या लॅचबद्दल विचारा, आपली कितपत बरी आहे वगैरे. या छंदातून घराला मिळणारी खरी गोष्ट हीच, कुलूप विकत घेताना दुकानदाराच्या बोलण्यावर नाही, स्वतःच्या समजुतीवर घेता येतं. हत्यारांच्या डब्याची किल्ली त्यांच्याकडे राहू द्या. आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यातलं काही टाकू नका, आपल्या मजल्यावरची कोणती लॅच किती मिनिटांत उघडेल असलं तर चुकूनही नाही.

शेजारच्या काकूंची मदत हा विचार चांगला आहे, पण सध्या बाजूला ठेवा. टेबलावर सिलिंडर हातात धरून, उजेडात, पंख्याखाली बसून उघडणं वेगळं आणि जिन्यात घामाघूम होऊन, मागे चार लोक उभे, दाराला घट्ट बसलेलं अनोळखी कुलूप उघडणं वेगळं. आत गॅसवर दूध असेल आणि तुमच्या पिकचं टोक आत मोडलं तर किल्लीवाल्याचंही काम तुम्ही वाढवलंत. काकूंना आणि स्वतःलाही सांगा की जास्तीची किल्ली एखाद्या भरवशाच्या घरी ठेवा. दोन तास वाट बघण्याचा प्रश्न तेवढ्याने सुटतो.

पुढे कसं जायचं तेही सांगून ठेवते, कारण दुसरी चूक लोक इथे करतात, पहिलं कुलूप उघडलं की लगेच सगळ्यात कठीण आणतात. इंटरनेटवरच्या एका परदेशी मंडळात कुलपांना ज्युदोसारखे रंगीत पट्टे दिलेत, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत, तो क्रम बरा आहे. साधं पॅडलॉक डोळे मिटून उघडता यायला लागलं की सुरक्षा पिना असलेलं एखादं घ्या. या पिना मधे बारीक आणि टोकांना जाड असतात, त्यामुळे गाभा जरासा फिरून खोटाच थांबतो, वाटतं उघडलंच आता, आणि तिथे अडकतो. मग अडकलेली पिन उचलताना गाभा उलट दिशेने तुमच्या बोटाला ढकलतो आणि तुम्हाला पीळ सोडत सोडत त्याला मागे येऊ द्यायचं असतं, पूर्ण सोडला तर सगळ्या पिना खाली. ते पहिल्यांदा बोटाला जाणवतं तो दिवस फार भारी असतो! त्यासाठी नवं हत्यार लागत नाही, तीच हूक आणि तीच पट्टी. नवी पट्टी तेव्हाच घ्या जेव्हा एखाद्या कुलपाने तुम्हाला दाखवून दिलं असेल की हातातली तिथे पोचत नाही, म्हणजे मागच्या पिनेपर्यंत जाताना पुढची उंच पिन आडवी येते, तेव्हा उंच हूक, भोकात शिरतच नाही, तेव्हा पातळ. दिवाळी सेल लागलाय म्हणून नको.

राहिला मुलगा. तुम्ही आणि वहिनी दोघं हो म्हणाल तरच, पण माझं मत आहे की त्याला लांब ठेवण्यापेक्षा टेबलाशी बसवा, आणि पिकने नाही तर स्क्रूड्रायव्हरने सुरुवात करा. ते सुटं सिलिंडर दोघं मिळून खोला. गाभ्याच्या टोकाची क्लिप काढून गाभा बाहेर ओढताना त्याच्या मागोमाग तेवढ्याच जाडीची लाकडी दांडी किंवा पेनाची नळी सरकवत न्यायची, नाहीतर वरच्या पिना आणि स्प्रिंगा घरभर उडतात, म्हणून खाली कडेचं मोठं ताट आणि त्यात एक जुना रुमाल. मग पाचाऐवजी एकच पिन घालून बंद करायचं, ते उघडायचं, मग दोन, मग तीन. हे तुमच्यासाठीसुद्धा सगळ्यात चांगलं शिक्षण आहे, सरळ पाच पिनांशी झगडण्यापेक्षा. दोन नियम त्याला पहिल्याच दिवशी सांगा आणि तुम्ही स्वतः ते पाळताना त्याला दिसू द्या. आणि हार्डवेअरवाल्याकडून तसलंच आणखी एक स्वस्त सिलिंडर आणून ठेवा, काळजी घेऊनही एखादी स्प्रिंग कपाटाखाली जातेच आणि ती सापडत नाही.